हुमण्याच्या कड्यावरची चकवी

हुमण्याचा सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, पश्चिमेला जिथे एकदम तुटतो, तिथे कड्याच्या अगदी ओठावर पांढऱ्या फुलांच्या झुडपांची एक रांग आहे. दिवसा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दिवे लागले की मात्र फुलं उमलतात आणि वास सगळ्या वाडीवर पसरतो. आमच्या धनगरवाड्यात पंचवीस उंबरे आहेत, पण एकाच्याही अंगणात हे झाड तुम्हाला दिसायचं नाही.

काल जेवण झाल्यावर तुम्ही दोघं पाहुणे त्या वासामागे निघालात. मी मागून ओरडलो, तेव्हा ताईंचा पाय कड्यापासून चार हातांवर होता. तुम्हाला माझा राग आला असेल. मलाही तुमचा आला होता. आज उजेडी जाऊन फांदी मोडून आणलीत, फोनला विचारलंत आणि फोन म्हणाला ही जाईची चुलत बहीण. असेल. आम्ही हिला चकवी म्हणतो. लावायची कशी तेही सांगेन, पण आधी ती फांदी खाली ठेवा आणि ऐका.

असं सांगतात, की फार पूर्वी हे झाड कड्यावर नव्हतंच. ते वरच्या डोंगरात, घळीच्या तोंडाशी वाढायचं. दसऱ्याच्या सुमाराला घाटातून लुटारू चढून यायचे. त्यांची चाहूल लागली की वाडी मेंढरं रानात सोडायची आणि घळीत शिरायची. आसपास बारमाही पाणी तेवढ्या एका जागी, म्हणून लपायचं ते तिथेच. चूल नाही, बोलणं नाही, दोन-तीन दिवस तसंच बसायचं. लपण्याआधी बिरोबाला फूल वाहायचं, ही वाडीची रीत होती.

साळू नावाची एक धनगरीण होती. एका वर्षी फूल वाहायची पाळी तिची होती. तिने घळीजवळच्या ओंजळभर कळ्या खुडल्या, खाली देवळात जाऊन वाहिल्या आणि परत येऊन लपली. नवरा शेजारी, पाच वर्षांची लेक ठमी मांडीवर.

लुटारूंना वाडी रिकामी मिळाली. त्यांचा नाईक देवळात शिरला तेव्हा कळ्या नुकत्या उमलल्या होत्या. त्याने एक फूल नाकाशी धरलं म्हणे आणि हसला. फूल ताजं आहे, म्हणजे आणणारा लांब गेलेला नाही. मग तो बाहेर येऊन वाऱ्याला तोंड करून उभा राहिला. तोच वास डोंगरावरून येत होता.

त्यांनी घळीच्या तोंडाशी वाळलं गवत रचून पेटवलं. धूर आत कोंडला. माणसं खोकत बाहेर यायला लागली, तसतशी दोन्ही बाजूंनी उभे असलेले लुटारू त्यांना कापत गेले. आधी म्हातारे, मग पोरं काखेत घेतलेल्या बाया. साळूचा नवरा काठी घेऊन धावला, त्याचं मुंडकं उतरवलं. साळूच्या डाव्या खांद्यावर घाव बसला आणि हातातली ठमी सुटली. एकाने त्या पोरीला पाय धरून उचललं आणि कातळावर आपटलं. साळू प्रेतांखाली पडून ते बघत होती. एकतीस माणसं घळीत गेली होती, सकाळी चार जिवंत होती.

वाडीचा कारभारी बिरू आबा त्या चारांत होता. दुसऱ्या वाड्यांवरचे सोयरे आले, वाडी पुन्हा वसली, आणि सगळ्यांनी ठरवलं की त्या झाडांचं मूळसुद्धा ठेवायचं नाही. कुऱ्हाडी घेऊन गेले तर साळू आडवी उभी. तिचा डावा हात कायमचा लुळा पडला होता.

"जाळू नगा," ती म्हणाली. "मला द्या. हितनं हलवते आन् कड्यावर लावते. आता त्यांच्यात बोभाटा झाला आसंल, हुमण्याची माणसं वासात लपत्यात म्हणून. येऊ द्या वासामागं."

ताई, हे झाड लावायचं कसं ते साळूनेच शोधून काढलं. उपटून लावलेलं जगत नाही. जिवंत फांदी वाकवायची, तिचं पेर मातीत दाबायचं आणि वर दगड ठेवायचा. पावसाळाभर तसंच सोडायचं. मुळं फुटली की आईपासून तोडायची. साळूने एका हाताने टोपल्या वाहून कड्यावरच्या फटींत माती भरली. तीन वर्षं ती पाणी घालत राहिली, आणि जशी कड्यावरची रोपं धरली तशी वरची झाडं खणून काढत गेली. एक सोडून सगळी. त्या एकाखाली ठमीला पुरलं होतं.

बिरू आबा तिला म्हणाला, "साळू, ते बी काढ."

"ते माझ्या पोरीवर हाय, आबा. त्येला हात लागायचा न्हाई माझा."

म्हातारा गप्प बसला. तो गप्प बसायला नको होता, असं माझा आजा ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायचा.

चौथ्या वर्षी लुटारू आले. टोळी नवी होती. त्यांनी घळ पाहिली नव्हती, वासाचं तेवढं ऐकलं होतं. साळूने मुद्दाम देवळात फुलं वाहिली आणि घळीत येऊन बसली. रात्री सड्यावर गवत कमरेएवढं, त्यात अंधार. टोळीने घोडी वासाच्या दिशेने भरधाव सोडली. पुढचा कड्यावरून गेला तो ओरडायच्या आत मागचे त्याच्यावर गेले. घोड्यांचं खिंकाळणं खालून बराच वेळ ऐकू येत होतं म्हणे, आणि घळीतल्या बायांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले होते.

पण या टोळीचा नाईक आणि त्याची चार माणसं मागे राहिली होती. तेवढ्यात वारा फिरला. डोंगराकडून वास आला, एकाच झाडाचा, पण आला. पाचही जण घोड्यांवरून उतरून वर चढू लागले.

घळीत त्या रात्री सव्वीस माणसं होती, त्यांत अकरा पोरं. साळूला खालचे पाय वाजलेले कळले आणि ते कशामागे येताहेत तेही कळलं. ती बाहेर आली. ठमीवरचं झाड तिने एका हाताने आणि दातांनी मुळासकट उपटलं, पदरात गुंडाळून छातीशी धरलं आणि त्या पाचांच्या समोरून खाली धावली. अंधारात पांढरी फुलं तेवढी दिसत होती. ते मागे धावले. कड्याच्या ओठावर ती एकदम बाजूला झाली, आणि चौघे वासामागे कड्यावरून सरळ गेले. नाईक हुशार, तो ओठावर थांबला. साळू वळली, त्याच्या कमरेच्या शेल्यात तिने आपला धड असलेला उजवा हात अडकवला आणि मागे पाऊल टाकलं.

सकाळी खाली ती सापडली तेव्हा शेला तिच्या मुठीत होता आणि झाड पदरात होतं.

तेव्हापासून इथे चकवी दारात लावत नाहीत, केसांत माळत नाहीत, देवाला वाहत नाहीत. आजही श्रावणात बाया कमरेला दोर बांधून कड्यावर एक नवं रोप लावतात, दोराचं टोक दुसरी धरते. मग सगळ्या घळीपाशी जातात. ठमीच्या जागेवर खड्डा खणतात, त्यात घागरभर पाणी ओततात, मुरेपर्यंत उभ्या राहतात आणि माती लोटून रिकाम्या हाताने परत येतात.

दोन वर्षांमागे त्या जागी आपसूक एक कोंब आला होता. मी बायकोला म्हणालो, आता कुठले लुटारू, राहू दे. ती खाली बसली, रडत होती, आणि तिने तो मुळासकट काढला.

"साळूला हे झाड वेळेवर काढाया जमलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणून आमी दरसाली करतो."