गुडघ्यांचा नेम

"नेम तर मी अगदी नीट पाळलाय माई, मग उडी का बसत नाही?"

उत्तरा धापा टाकत विचारत होती. कपाळाला लाल माती, डोळे भरलेले, पण मान ताठ.

खंडेनवमीची सकाळ होती. टेकडीवरच्या देवीच्या मठामागे मुलींचा आखाडा आहे, तिथे पूजेची नुसती धांदल उडाली होती. लाठ्या, लेझमी, उडी मारायचा लाकडी घोडा, त्याच्या पुढ्यातली फळी… साऱ्यांना झेंडूच्या माळा, साऱ्यांना हळदकुंकू. पूजा आटोपली की एक गोष्ट ठरायची होती. दसऱ्याला देवीसमोर घोड्यावरून कोलांटी घेऊन पहिली उडी कुणी मारायची?

दरवर्षी ती उत्तराची. यंदा मात्र ती मातीत धप्पकन आदळत होती.

गिरजामाई ओट्यावर पाय लांब सोडून बसल्या होत्या. मठातल्या त्या सगळ्यात वडीलधाऱ्या. आखाड्यातली प्रत्येक मुलगी त्यांच्या हाताखाली तयार झालेली.

"कसला नेम?" त्यांनी विचारलं.

"चातुर्मासाचा. सांगायचा नसतो, म्हणून बोलले नाही." उत्तराने डोळे पुसले. "बायका वांगं सोडतात, कांदा सोडतात. मी गुडघा वाकवणं सोडलंय."

मागे उभी असलेली निमा फिस्सकन हसली. यंदा उत्तरानंतर तिचंच नाव होतं.

"तरीच! परवा पंगतीत ही पाय पसरून बसली, तेव्हा मला वाटलं माझ्या पानात लाथ मारतेय."

"तू हसू नकोस गं. झोपतानासुद्धा पट्ट्या बांधते मी गुडघ्यांना."

माई हसल्या नाहीत.

"हा नेम तुला सांगितला कुणी?"

"तुम्हीच."

"मी…?"

"हातांवर उभं राहताना दर वेळी ओरडता ना, 'गुडघा ताठ! गुडघा ताठ!' मग म्हटलं, मुळात वाकवायचाच नाही. देवीला सांगितलं, कार्तिकीपर्यंत वाकवणार नाही, तेवढी पहिली उडी माझी राहू दे."

"आणि उडीनंतर खाली उतरताना मी काय ओरडते?"

उत्तरा आठवू लागली.

"…तेव्हा तुम्ही काहीच ओरडत नाही."

"का बरं? तेव्हाही गुडघा ताठच हवा असता, तर ओरडले नसते?"

उत्तराने कपाळाची माती पुसली.

माईंनी स्वतःच्या गुडघ्यांवर थापटलं. "यांच्याकडे बघ. नेम न घेताच पाळतायत बिचारे, किती वर्षं झाली. देवीनं मला अजून एक उडी दिलेली नाही."

मुली खो खो हसल्या. उत्तराला रडूच फुटलं.

"चेष्टा नका करू माई. नेम मोडला तर देवी रागावेल. आणि नाही मोडला, तर उडी गेलीच माझी…"

माईंनी माळा घातलेल्या लाठ्यांकडे नजर टाकली.

"निमा, पूजेचं तबक आण. आणि तू गं, वर ये ओट्यावर."

उत्तरा चढली. बांबूच्या पायांवर चालावं तशी, एक पाय बाजूने फिरवून, मग दुसरा.

माईंनी बोट हळदीत बुडवलं, आणि तिच्या घोट्याला लावलं.

"अगं बाई! माई, माझ्या पायांना हात? मला पाप लागेल!"

"हलू नकोस. आज हत्यारांची पूजा ना? ही राहिली होती."

घोटा, गुडघा, खुबा. मग तिला खाली बसवून, तशीच पाय पसरून, मनगट, कोपर, खांदा. आधी हळद, वर कुंकू. लेझीम हातात घेतलेल्या मुलीही जवळ सरकल्या.

"खांदा फिरव."

उत्तराने फिरवला.

"बघ, चहूकडे जातो. आता कोपर."

कोपर मिटलं, उघडलं.

"हे आपलं दाराच्या बिजागरीसारखं, एकाच अंगाला. मनगट? … मान? … प्रत्येकाला देवीनं वेगळी चाल दिली. यातलं कुठलं तिनं तुझ्याकडे परत मागितलं होतं?"

…

उत्तराने खाली पाहिलं. हळदकुंकू लागलेले तिचे गुडघे देव्हाऱ्यातल्या टाकांसारखे दिसत होते. आपलेच आहेत असं तिला वाटेना. तिने एकावर हळूच हात ठेवला.

"जा आता," माई म्हणाल्या. "धाव."

उत्तरा उठली. उठताना गुडघे वाकले, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ती धावली. काय धावली! फळीवर आली, खाली बसल्यासारखी झाली, आणि घोटे, गुडघे, खुबे एका दमात उलगडले. हात घोड्यावर टेकले. पाठ गोल झाली, पाय पोटाशी आले, आभाळ खाली गेलं, माती वर आली…

आणि ती उतरली. मातीने आवाजसुद्धा केला नाही.

"बसली! बसली गं बसली!" सगळ्यांत आधी निमाच किंचाळली. मग लेझमी वाजू लागल्या, कुणी घोड्यावरचीच माळ ओढून उत्तराच्या गळ्यात घातली, कुणी तिला गदागदा हलवलं. ती मातीत उकिडवी बसून हसत होती, रडत होती, पुन्हा हसत होती.

एकाएकी ती थांबली. स्वतःच्या मिटलेल्या गुडघ्यांकडे बघतच राहिली.

"माई…" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "माझा नेम मोडला ना?"

माई पदराला बोटं पुसत होत्या.

"मोडला नाही गं… वाकला."