येसाईचे पाय

ही गोष्ट सांगू नको, असं आईनं मला बजावलंय. पोरं रडत झोपतात म्हणते. पण तुम्ही गप पडून ऐका, मी हळू सांगते.

एकदा काय झालं, समुद्राकाठी येसाई नावाची म्हातारी कोळीण राहायची. तिचा थोरला मुलगा काळू वादळात सापडला. तिनं सोमवार धरला, होडी परत आली. मग सून पारू तापानं फणफणली. तिनं गुरुवार धरला, ताप उतरला. मग धाकट्या हिराला राजाच्या गलबतावर जायचं होतं. तिनं शनिवार धरला, आणि हिरा गेला.

काम झालं की उपास सोडायचा असतो, बरं का. पण काळू म्हणाला, “राहू दे गं आये, देव कोपायचा.” पारू म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला लागतं कितीसं?” बाकीच्या दिवशीही येसाई पेजेचं नुसतं पाणी प्यायची. मासळी चावायला दात नव्हते, आणि काटे काढून द्यायला कुणाला सवड नव्हती.

मग ती हलकी झाली. इतकी, की एका सकाळी अंगण झाडता झाडता तिचे पाय जमिनीवरून सुटले. पारूनं पदर धरून तिला खाली ओढलं. हात सोडला की म्हातारी पुन्हा वर. मग तिला जाळ्याच्या दोरीनं खांबाला बांधलं.

काळू रडत देवीकडे गेला. देवी म्हणाली, “मी कुठं तिचं जेवण मागितलं होतं? ज्याच्यासाठी ती उपाशी राहिली, त्यानं तिला आपल्या हातानं भरवावं.”

मग काळूनं काटे काढून मासळी भातात कुस्करली. छपराला टेकलेली येसाई त्याच्या खांद्यापर्यंत खाली आली. पारूनं दुधात नाचणी शिजवून भरवली. आता वीतभर अंतर उरलं. ते हिराच्या घासाचं.

निरोपावर निरोप गेले. हिरानं रेशमी लुगडं पाठवलं, खजूर पाठवले. स्वतः आला नाही.

पारू म्हणाली, “आये, त्याचाही घास मीच भरवते.”

म्हातारी हसली. “भरव की. पण पाय ऐकायचे नाहीत गं.”

तसंच झालं. दोघं तिला रोज भरवायची. दोरी सोडली, तरी ती उडाली नाही. अंगात बळ आलं. पण वाळूत काळूची पावलं उमटायची, पारूची उमटायची, येसाईची काही उमटत नव्हती.

झोपा आता. हिरा आला का, ते विचारू नका. काळू, पारू आणि येसाई, तिघंही त्या घरात सुखानं

“शेवंते, ये गं इकडे.”

आले आई.