चोविसावी पायली

फार फार पूर्वी, धान्य तोलत नसत, पायलीने मापत असत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि ज्यांचे एखादे दुकान असेल अशा मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी.

एका नगरात वेशीजवळ एका शेटचे वाणसामानाचे मोठे दुकान होते. तांदूळ, डाळी, गूळ, तेल, मागाल ते तिथे मिळे. शेट माणूस वाईट नव्हता. तो देवळात दिवा लावी, गिऱ्हाइकाशी गोड बोले आणि दुकानातल्या एकेका वस्तूवर जीव टाकी. फक्त वस्तूंवरच टाकी, ही खरी अडचण होती.

त्या दुकानात सगुणा नावाची मापारीण होती. तिचे वडीलही मापारीच. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांची पायली तिने हाती घेतली. रोज सकाळी हमाल नवी पोती फोडत आणि सगुणा धान्य मापून कोठीत ओतत असे. मापताना मोठ्याने मोजायचे, ही मापाऱ्यांची रीत. पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन असे करत सगुणा तेविसापर्यंत येई. पोत्यात पायल्या चोवीस असत, पण या दुकानात चोविसाव्या पायलीला चोवीस म्हणत नसत. तिला म्हणत ‘उंदीर’.

त्याचे असे, की दुकान म्हटले की उंदीर आलेच, आणि उंदीर आले की ते खाणारच. म्हणून शेटच्या आजोबांनी नियम घालून दिला होता. दर पोत्यातली शेवटची पायली उंदरांच्या नावाने कोपऱ्यातल्या काळ्या रांजणात टाकायची आणि अख्ख्या पोत्याची किंमत उरलेल्या तेवीस पायल्यांवर बसवायची. मग उंदरांनी काहीही खाल्ले तरी शेटला शांत झोप लागे. उंदीर बिचारे इतके खातही नसत. रांजणात उरेल ते शेटच्या घरी जाई. गिऱ्हाइकांना यातले काही ठाऊक नव्हते, कारण पोती फुटत ती दुकान उघडण्याआधी.

एका वर्षी सणाच्या तोंडावर शेटला तांदूळ स्वस्त मिळाला आणि त्याने गाड्यांमागून गाड्या भरून आणला. कोठारात पाय ठेवायला जागा उरली नाही. हमाल नेहमी एकावर एक दहा पोत्यांची थप्पी लावत. शेटने चौदा लावायला सांगितली. सर्वांत म्हातारा हमाल म्हणाला, की दहाच्या वर थप्पी उभी राहते, पण टिकत नाही. शेट हसला. तुझ्या पाठीत आता जोर राहिला नाही म्हणून तुला ती उंच वाटते, असे म्हणाला. हमाल गप्प बसला. पोटासाठी माणूस कितीदा गप्प बसतो ते आपल्याला माहीतच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणा त्या थप्पीच्या पायथ्याशी मापायला बसली होती. तिने नऊ म्हटले आणि वरची पोती खाली आली. हमालांनी धावत येऊन ती बाजूला केली तेव्हा सगुणा जिवंत होती. उजवा हात मात्र मनगटापासून चेचला गेला होता.

शेट धावत आला, हेही सांगायला हवे. त्याने हळद आणली, वैद्याला बोलावले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणले. आठ दिवस तो विचारपूस करत होता. नवव्या दिवशी सगुणाच्या जागेवर दुसरा मापारी बसला.

घरात सगुणा आणि तिचे आंधळे वडील, दोघेच. दोघांचे पोट ज्या हातावर चालायचे तो हात आता फडक्यात बांधलेला होता. महिन्याभराने ती दुकानात गेली. तिने भीक मागितली नाही. हात बरा होईपर्यंत रोजचे धान्य मिळावे आणि पुढे एका हाताने होईल असे काम द्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

“सगुणाबाई, पोती काही मी ढकलली नाहीत,” शेट म्हणाला. “ज्याचं नशीब त्यानं सोसावं. एकाला दिलं की उद्या सगळेच हात पुढे करतील.”

“ज्यांना हात असतील ते करतील, शेट,” सगुणा म्हणाली आणि घरी आली.

शेजाऱ्यांनी तिला परोपरीने समजावले. नगरातल्या दर दुकानात असे कुणी ना कुणी होते. एकजण माळ्यावरून पडून लंगडत होता. एकीचा डोळा मिरच्या कुटताना गेला होता. त्यांच्यापैकी कुणीही दाद मागायला गेले नव्हते. मोठ्या माणसाशी वाकडे घेऊन आपला निभाव लागेल का, असे सगळे म्हणत होते. वडील मात्र काठी शोधत उठले. तू राणीकडे जा, मी बरोबर येतो, मला फक्त वाट दाखव, असे ते म्हणाले.

त्या राज्याची राणी दर आठवड्याला चौकात बसून न्याय करी. त्या दिवशी सारे नगर तिथे लोटले. शेटने दोन गोष्टी मांडल्या. पहिली, होणाऱ्या नुकसानीसाठी आधीच काही बाजूला काढून ठेवणे ही दुकानदारीची रीतच नाही. ज्याच्यावर येईल त्याने ते निस्तरावे. दुसरी, बाईचा डावा हात धडधाकट आहे आणि मापायला एक हात पुरतो, तेव्हा हे सगळे सोंग आहे. खात्री पटावी म्हणून त्याने दुकानातून तांदळाचे एक पोते आणि पायली मागवली. कुणी सांगितले नव्हते, स्वतःहून मागवली.

सगुणा मापायला बसली. एका हाताने पायली धरायची आणि दुसऱ्या हाताने काठोकाठ सपाट करायची, असे ते काम. तिने पायली गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने भरायला घेतली. तांदूळ सांडत होता. लाभ, दोन, तीन. सुरुवातीला काही लोक हसले, मग तेही पुढे सरकून पाहू लागले. वडील शेजारी उभे होते आणि त्यांचे ओठ तिच्याबरोबर आकडे म्हणत होते. तेरा. चौदा. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चौक, राणी, शेट, सगळ्यांचा तिला विसर पडला आणि बारा वर्षांची सवय तेवढी उरली. बावीस. तेवीस. तिने शेवटची पायली भरली, जिकडे रोज रांजण असे तिकडे वेगळी ओतली आणि म्हणाली, “उंदीर.”

कुणीतरी खुदकन हसले. राणी हसली नाही. ही शेवटची पायली कुणाची, असे तिने विचारले.

बाईची जीभ घसरली, असे शेट घाईघाईने म्हणाला. पण तो म्हातारा हमाल गर्दीतून पुढे आला. एकदा गप्प बसण्याची किंमत त्याने पाहिली होती. त्याने काळा रांजण, तेवीस पायल्यांवर बसवलेला भाव आणि चौदा पोत्यांची थप्पी, सगळे सांगून टाकले. चौकातली गिऱ्हाइके एकमेकांकडे पाहू लागली.

मग सगुणा बोलली. “बारा वर्षं मी रोज उंदरांची पायली काढली, राणीसाहेब. आपल्यासाठीही एखादी निघावी, हे मलासुद्धा कधी सुचलं नाही. एवढी चूक माझीही आहे.”

शेटची मान खाली गेली. राणी त्याच्याकडे वळली.

“नुकसानीसाठी आधी बाजूला काढायची रीत तुमच्या घरात आजोबांपासून आहे, शेट. ती मोडू नका. ती पायली यापुढे माणसांना द्या. उंदरांसाठी मांजर पाळा.”

राणीने निवाडा दिला. वाणसामानाच्या प्रत्येक दुकानात चोविसावी पायली दुकानाच्या कामात दुखापत झालेल्यांसाठी निघेल. बरे होईपर्यंत त्यांना रोजचे धान्य मिळेल. ज्याचा हात किंवा पाय परत येणार नाही त्याला ते जन्मभर मिळेल, आणि जमेल ते कामही मिळेल. नशीब कुणाचे, हे कुणी विचारायचे नाही. शेटच्या दुकानातला रांजण सगुणाच्या ताब्यात राहील आणि पहिले धान्य मागच्या महिन्यासकट तिलाच मिळेल.

चौकात असा जल्लोष झाला की देवळावरची कबुतरे उडाली. लंगडणारा माणूस नाचला, आणि तो चांगला नाचला. हमालांनी सगुणाच्या वडिलांना खांद्यावर उचलून घेतले.

“फार उंच नेऊ नका रे,” म्हातारा वरून म्हणाला, “थप्पी पडेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा रांजणापाशी बसली. नवा मापारी लाभ, दोन, तीन करत तेविसापर्यंत आला आणि पायली भरून थांबला. आता हिला काय म्हणायचे, हे त्याला कळेना. हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. शेटही गल्ल्यावरून पाहत होता.

सगुणाने डाव्या हाताने रांजणाचे झाकण काढले. “माणूस,” ती म्हणाली.

मापाऱ्याने तोच शब्द मोठ्याने उच्चारला आणि पायली रांजणात ओतली.

शेट बुडेल असे शेटलाच वाटत होते. तो बुडाला नाही. थप्प्या दहावर आल्या, कारण कुणाला लागले की रांजण रिकामा होतो, हे आता त्याला दिसत होते. कामात जीव टाकणारी माणसे लांबून त्याच्याकडे कामाला येऊ लागली. पुढच्या वर्षी दुकानात सांडलेल्या तेलावरून घसरून खुद्द शेटचाच पाय मोडला. सगुणाने म्हाताऱ्या हमालाबरोबर त्याच्या घरी एक पायली तांदूळ पाठवला, काठोकाठ सपाट भरून. पहिल्या दिवशी शेटने तो लाजून परत केला. दुसऱ्या दिवशी ठेवून घेतला. पाय बरा झाल्यावर दुकानात आला तेव्हा चोविसाव्या पायलीला ‘माणूस’ तोच म्हणाला, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाला.

जो माणसांच्या कष्टांवर कमावतो, त्याने त्यांच्या दुखापतीचा भारही उचलावा.