पाणकावळ्याचा ओंडका

फार जुनी गोष्ट आहे. मला ती नीट आठवते की नाही, शंकाच आहे. डोहातल्या एकुलत्या ओंडक्यावर कासवं ऊन खात बसत. एका हिवाळ्यात पाणकावळ्याने त्यांना टोचून हाकललं. “आळशांनो, लोळायला दुसरीकडे जा!” म्हणत तो स्वतः पंख वाळवत बसला.

म्हातारी कासवी संतापली. “तू बसलास की काम, आणि आम्ही बसलो की आळस? माझ्या नातीच्या पोटात परवाचा घास तसाच आहे रे मेल्या!”

“मग कमी खा म्हणावं तिला.”

तेव्हा सगळी कासवं ओंडक्याच्या एकाच कडेला लटकली. ओंडका गर्रकन फिरला आणि पाणकावळ्याचे वाळलेले पंख पुन्हा भिजले. कासवीने आधी नातीला वर ढकललं.

कित्येक वर्षांनी मी पुस्तकात पडताळून पाहिलं. अंग उन्हाने तापल्याशिवाय कासवाला खाल्लेलं नीट पचत नाही.