दर्याचा पहिला वाटा

एका समुद्रकाठच्या गावात एक तांडेलीण राहत होती. तांडेलीण म्हणजे गावाची मोठी होडी हाकणाऱ्या तांडेलाची बायको. बाई मोठी नेमाची. सोमवार करायची, गुरुवार करायची, आणि चातुर्मास लागला की उंबऱ्यापुढे रोज नव्या ठिपक्यांची रांगोळी काढायची. एकदा काढलेली पुन्हा काढायची नाही, असा तिचा नेम. त्यामुळे डोळ्यांना सवयच लागली होती. पपई कापली तरी बिया बघून म्हणायची, "अगोबाई, ही तर सात ते चारची रांगोळी!" आणि तांडेल म्हणायचा, "अगं, खाऊ दे तरी."

त्या गावात मासेमारी व्हायची ती रापणीची. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं साऱ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायची. हे जाळं कुणा एकाचं नसे. गावात बारा घरं. पावसाळ्यात समुद्र बंद असला की प्रत्येक घर आपापला पट्टा विणी. नारळी पौर्णिमेला सगळे पट्टे जोडले की रापण तयार. ज्याचा पट्टा जाळ्यात, त्याचा वाटा मासळीत. पट्टा नाही तर वर्षभर वाटा नाही. मधली खोळ, जिच्यात सगळी मासळी येऊन साठते, ती विणायचा मान तांडेलाच्या घराचा.

तांडेलणीकडे आणखी एक मान होता. पौर्णिमेनंतर जी पहिली रापण लागेल, तिच्यातला पहिला वाटा दर्याचा. तो तांडेलणीने निवडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि जिवंत सोडून द्यायचा.

फार पूर्वी म्हणे चांगला हातभर रावस सोडत. मग सुरमई सोडू लागले. मग बांगडा. होता होता आमच्या या तांडेलणीच्या हातात मांदेली आली होती, करंगळीएवढी! तीही हसून म्हणायची, "दर्याला काय कमी आहे? त्याला मान मिळाल्याशी कारण." पण घरी येऊन देवापुढे बसली की तिला कुठेतरी टोचायचं.

त्या वर्षी ज्येष्ठात अवचित वादळ उठलं. तांडेलाची होडी बाहेर होती. सकाळ गेली, दुपार गेली, होडी दिसेना. तांडेलीण गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि पदर पसरून म्हणाली, "दर्याराजा, माझं कुंकू मला परत दे. यंदा तुझा वाटा मी निवडणार नाही. जाळ्यात सगळ्यांत मोठं जे येईल, ते तुझं."

दिवस मावळायच्या आत होडी आली. तांडेल भिजून चिंब, पण धडधाकट. तांडेलीण आनंदाने रडली आणि त्या आनंदात नवसाचं कुणाला सांगायचंच राहून गेलं.

पावसाळा सरला. नारळी पौर्णिमेला सोन्याच्या रंगाचा नारळ दर्याला वाहिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भरती भरून आली असताना, पहिली रापण टाकली. बारा घरं दोरांना लागली. "हैय्या हो! हैय्या!" पण दोर येईचना. पुरुष दमले, बायकांनी पदर खोचले. म्हातारीकोतारीसुद्धा दोराला लोंबकळली.

"एवढी जड? अरे, सोन्याची लंका लागली की काय!" कुणीतरी ओरडलं.

"ओढा, ओढा! आज दारोदारी बांगडा!"

पाणी कंबरेएवढं राहिलं आणि खोळीतून एक पाठ वर आली. काळी-निळी, होडीच्या तळासारखी रुंद. आणि त्या पाठीवर पांढरे शुभ्र ठिपके! शेकड्यांनी! मध्ये उभ्या-आडव्या फिक्या रेघा. मग एक शेपूट वर उठली, माणसाहून उंच, आणि अशी आपटली की पुढची पाच-सहा जणं पाण्यात आडवी.

"मुशी! पळा! मुशी आहे!"

मुशी म्हणजे शार्क मासा. सगळा गाव वाळूवर पळाला. एकटे म्हातारे डोलकर आजोबा तेवढे पाण्यातच उभे, हसत.

"पळता कशाला रे? मुशी आहे, पण माणसाच्या वाटेला न जाणारी. तोंड बघा हिचं, सुपाएवढं आहे. आणि दात? तांदळाच्या कणीएवढे! तोंड उघडून पाणी घेते, त्यातला जवळा गाळून खाते आणि पाणी सोडून देते. एवढा मोठा मासा दर्यात दुसरा नाही, आणि एवढा गरीबही नाही."

भीती गेली तशी हाव आली. होड्या बांधणारा सुतार पुढे झाला. त्याचे डोळे लकाकले.

"अरे, हिचं काळीज किती असेल ठाऊक आहे? त्याचं तेल काढलं तर गावातल्या सगळ्या होड्यांना दोन-दोन हात बसतील. तीन वर्षं थेंब गळायचा नाही! जरा थांबा. ओहोटी लागली की ही आपोआप वाळूवर बसेल. आपल्याला बोटसुद्धा लावायला नको."

लोकांनी माना डोलावल्या. एक जण खोळीत हात घालून आला आणि त्याने तांडेलणीच्या हातावर एक चिमुकली मांदेली ठेवली. "घ्या वहिनी, दर्याचा वाटा. वाहा हळदकुंकू, म्हणजे आम्ही मोकळे."

मांदेली तिच्या तळव्यावर तडफडत होती. तांडेलणीने तिच्याकडे पाहिलं, मग त्या ठिपक्यांच्या पाठीकडे पाहिलं. सगळ्यांत मोठं जे येईल ते तुझं, असं कोण म्हणालं होतं?

तिने मांदेली अलगद पाण्यात सोडली. "जा बाई, तूही जा." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलंय." आणि सगळ्या गावादेखत तिने नवस सांगितला.

तांडेलाने डोकं खाजवलं. "म्हणजे माझ्या जिवाच्या बदल्यात ही?"

"हो."

"मग सौदा गावाला महागात पडला की गं."

लोक हसले. पण सुतार हसला नाही. "वहिनी, नवस तुमचा, जाळं गावाचं. आता ही एवढी गुरफटली आहे. जाळं फाडल्याशिवाय सुटायची नाही. तुमच्या नवसापायी आमचे पट्टे का फाडायचे?"

बोलणं खोटं नव्हतं. पाणी कंबरेवरून मांडीवर आलं होतं. मासा आता शेपूट आपटत नव्हता. त्याचे कल्ले सावकाश उघडत होते, मिटत होते.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. मासा अडकला होता मधल्या खोळीत. आणि खोळ तर तिच्याच घरची! आषाढ-श्रावणात रोज दिव्याची वात विझेपर्यंत तिने एकेक गाठ मारून विणलेली. ती कापली तर दुसऱ्या कुणाचं काही जाणार नव्हतं. जाणार होता तो तिचा पट्टा, आणि पट्ट्याबरोबर वर्षाचा वाटा.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तांडेलाने खोळीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. "वर्षभर सुका जवळा खाऊ," तो म्हणाला. "मी जिता आहे ना खायला?"

"कोयता द्या कुणीतरी!" तांडेलीण ओरडली.

कुणी हलेना. मग गर्दीतून तिची शेजारीण पुढे आली. ही शेजारीण मोठी तिखट. तिचा पट्टा खोळीला लागून, त्यामुळे दोघींचं दरवर्षी भांडण ठरलेलं. तुझ्या गाठी सैल, माझ्या घट्ट! तिने कमरेचा कोयता काढला आणि म्हणाली, "सर बाजूला. तुला विणता येत नाही ते नाही, कापता तरी येणार आहे का?"

आणि खसकन पहिला घाव घातला.

मग काय विचारता! दोघी दोन बाजूंनी कापू लागल्या. "अगो, तुझ्या गाठी सैल म्हणत होते मी, सुटता सुटत नाहीत बघ मेल्या!" शेजारीण धापा टाकत म्हणाली. डोलकर आजोबा ओरडले, "पाठ सुकू देऊ नका! पाणी घाला! कल्ल्यांवर हात ठेवू नका, तिथून ती श्वास घेते!" बायका घागरी-कळशा घेऊन धावल्या. पुरुषांनी हाताने वाळू उकरून पाण्याला वाट केली. हावेने आलेली माणसं कधी कामाला लागली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तांडेलीण माशाच्या डाव्या कल्ल्यामागे उभी राहून कळशीने पाणी घालत होती. घालता घालता सवयीने तिने ठिपके मोजले. पाच ठिपक्यांची ओळ, खाली तीन, मग एक लांबुडका, लामणदिव्यासारखा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. अशी रांगोळी तिने आजवर काढली नव्हती.

"किती वर्षांची असेल हो आजोबा?"

"कुणास ठाऊक. पण आमचे जुने लोक सांगायचे, पंचवीस-तीस वर्षं झाल्याशिवाय हिला पिल्लू होत नाही. एक मारली तर दुसरी तयार व्हायला आपल्या घरात नातवंडं यावी लागतात."

हे ऐकून सुताराने वाळूतला हात थांबवला. मग पुन्हा उकरू लागला, आधीपेक्षा भराभर.

"लाट येतेय! मोठी आहे! तयार राहा!" तांडेल ओरडला.

लाट आली. सगळ्या गावाने खांदा लावला. "हैय्या हो!" मघाशी जे आत ओढत होते, तेच आता बाहेर लोटत होते. ती जड पाठ हलली. वळली. दुसरी लाट आली. शेपूट एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि बघता बघता ते ठिपके हिरव्या पाण्यात उतरले. थोड्या वेळाने दूरवर एक पंख वर आला आणि गेला.

गाव असा ओरडला, की देवळातली कबुतरं उडाली! लेकी-सुना पाण्यात नाचल्या. तांडेलणीने ओल्या हातांनी हळदकुंकू लाटेवर सोडलं.

फाटक्या खोळीतून सगळी मासळीही निसटली होती. त्या दिवशी गावात एकाही घरी कालवण शिजलं नाही. घरी जाताना कुणी कुणी कुरकुरलंही. आणि तांडेलणीने कोपऱ्यातलं सुक्या जवळ्याचं मडकं पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उंबऱ्यापुढे नवी रांगोळी काढली. पाच ठिपके, खाली तीन, मध्ये लामणदिवा, दोन्ही अंगांना दोन-दोन. काढून मान वर केली तर समोर शेजारीण, काखेत आपल्या पट्ट्याचा हातभर तुकडा.

"हा घे. माझा पट्टा हातभर आखूड झाला तर काही समुद्र आटत नाही."

"अगो, पण..."

"पण-बिण नको. आणि गाठी मी मारणार. तुझ्या नकोत."

मागून दुसरी बाई आली, तिच्याकडे लाल सुताचा तुकडा. मग तिसरी, हिरव्या सुताचा. दुपारपर्यंत अकरा घरांतून अकरा तुकडे आले. सर्वांत शेवटी सुताराची बायको आली. "ह्यांनीच पाठवलंय," ती हळूच म्हणाली. तीन दिवस ओटीवर बायका बसल्या, गाणी झाली, चहा झाला, आणि रंगीबेरंगी खोळ तयार झाली. तांडेलाच्या घराचा वाटा राहिला. खरं तर अकरा घरांनी तो राखला.

त्या हंगामात एक नवल झालं. होड्या बाहेर गेल्या की कधी कधी लांबवर तो ठिपक्यांचा मासा पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून फिरताना दिसे, आणि त्याच्या आसपास कुपा मासळीचे थवे. डोलकर आजोबा म्हणाले, "जिथे जवळा तिथे ही, आणि जिथे ही तिथे मासळी. ही दिसते आहे तोवर समजा, दर्याची चूल पेटलेली आहे." आणि होड्यांना तेल? सुताराने किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडांच्या बियांचं काढलं. होड्या गळल्या नाहीत.

तांडेलणीने मात्र आपला नेम मोडला. रोज नवी रांगोळी सोडून वर्षभर तीच एक काढली.

पुढच्या नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. रापण होडीत भरली, बारा घरं किनाऱ्यावर जमली, आणि तांडेल होडीतून ओरडला, "अगं ए, लवकर ये! कोण आलंय बघ!"

तांडेलीण लुगडं सावरत होडीत चढली. होडी थोडी पुढे गेली. पाण्याखालून एक मोठी थोरली सावली हळूच वर आली. तांडेलीण इतकी वाकली की नवऱ्याने पदर धरून ठेवला.

"पाच," ती मोजू लागली. "खाली तीन. मग... मग लामणदिवा! अहो, दोन्हीकडे दोन-दोन! तीच आहे! आपलीच आहे हो!"

किनाऱ्यावर पोरीबाळींनी टाळ्या पिटल्या, कारण ते ठिपके आता गावातल्या प्रत्येक पोरीला पाठ होते. वर्षभर बघून बघून बाराही उंबऱ्यांपुढे तीच रांगोळी निघू लागली होती.

तांडेलाने जाळ्याला हात लावला नाही. "आज रापण नाही," तो म्हणाला. "आज पाहुणी आली आहे." कुणी कुरकुरलं नाही. आणि सुतार? तो सर्वांत पुढे, हातात नारळ घेऊन उभा होता.

ज्या घरी ही कथा सांगितली जाईल, तिथल्या उंबऱ्यावर ठिपके उमटोत आणि दर्यातले ठिपके कधी न पुसले जावोत.

तात्पर्य: देवाला देताना सर्वांत लहान निवडू नये. जे मोठं आहे, मुकं आहे आणि हळूहळू वाढतं, ते आपल्या जाळ्यात आलं म्हणून आपलं होत नाही. ते सोडून देण्यासाठी स्वतःची गाठ कापावी. नवी गाठ मारायला चार हात येतातच.