डावीकडचे चार, उजवीकडचे चार

कासारखेडच्या कॉलेजात भागवत नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. इंग्रजी कादंबऱ्यांतले शब्द कॉम्प्युटरवर मोजायचे आणि त्यावरून कादंबरी कशी आहे ते सांगायचं, हा त्याचा अभ्यास. त्याच्या गाइड ओगले मॅडम नव्याच होत्या. खडू पडला तरी दचकत.

पहिल्यांदा खटकलं ते असं. मॅडमनी सांगितलं होतं, पुस्तकाचं पान न् पान कॉम्प्युटरमध्ये घाल. भागवतने घातलं. निष्कर्ष निघाला, की या प्रेमकथेत 'लायब्ररी'ला फार महत्त्व आहे. मॅडमनी पुस्तक उघडून पाहिलं, तर पानोपानी कॉलेजच्या लायब्ररीचा शिक्का.

"जे सगळीकडे दिसतं ते काढून टाकायचं रे," मॅडम म्हणाल्या. "त्यातून काही कळत नाही."

भागवतला पटलं. पुढच्या कादंबरीत त्याला नायिका सगळीकडे दिसली. त्याने ती काढून टाकली. शेवटच्या प्रकरणात नायक एकटाच चर्चमध्ये गेला आणि एकटाच लग्न करून आला.

मॅडमनी नायिका परत घालायला लावली. मग सावकाश समजावलं, "एकदाच येणारा शब्द जपायचा. आणि शब्द एकटा उचलायचा नाही. डावीकडचे चार, उजवीकडचे चार सोबत घ्यायचे. तेव्हा ओळख पटते."

"हे आधी सांगायचं ना मॅडम," भागवत म्हणाला.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावचे परीक्षक एसटीने येणार होते. ते रागावून परत गेले, तर भागवतची पदवी बुडणार आणि मॅडमचं गाइडपण पहिल्याच विद्यार्थ्यावर संपणार. शिपाई रजेवर, म्हणून भागवतलाच स्टँडवर धाडलं. सरांना चष्मा आहे, हातात काळी बॅग असेल, एवढं सांगितलं.

अकरा वाजले. बारा वाजले. मॅडमनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. प्राचार्य दारातून डोकावून गेले, मॅडम दचकल्या. पुन्हा लावला.

शेवटी भागवतने उचलला. मागे कुणीतरी मांडव कुठंय म्हणून विचारत होतं.

"सर मिळाले का रे?"

"मिळाले ना. चष्मे आणि बॅगा तर सगळ्या स्टँडवर होत्या, त्या काढून टाकल्या. मुंडावळ्या बांधलेले मात्र एकच. तेही न्यायला कोण येतंय याचीच वाट बघत होते. टमटममध्ये बसवलं."

"अरे, नवरदेवाला उचललंस?" मॅडम किंचाळल्या.

"एकट्यांना नाही उचललं हो," भागवतने धीर दिला. "डावीकडचे चार, उजवीकडचे चार घेतलेत. एक चष्मेवाले तेवढे सारखे आडवे येत होते. मीच परीक्षक, मीच परीक्षक. जिकडे बघावं तिकडे तेच. त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं."