लिंबाजीच्या छातीवरचा डोळा

"वहिनींसमोर बोला हो बिनधास्त. त्या मुक्याच आहेत."

हे भगत जमादार म्हणाले. बाहेरच्या खोलीत, आणि त्यांच्या समजुतीने हळू. मी आत चहात आलं किसत होते.

मी मुकी नाही. मी बोलत का नाही, हे सांगायचं तर गोष्टच सांगावी लागेल.

एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव लिंबाजी. माझं लग्न त्याच्याशीच झालं. गोष्टीत मी त्याला 'तो' म्हणते आहे. घरात 'अहो' म्हणायचीही सोय नव्हती.

झालं असं, की अंगावरची हळद जायच्या आत चौकीत नवे कॅमेरे आले. छातीवर लावायचे. माणसाचा आवाज कानी पडला की हा डोळा आपोआप जागा होई, लाल दिवा लागे आणि सगळं चित्र थेट फौजदार बाईंच्या मोबाईलवर.

बाई म्हणाल्या, "ड्यूटी संपेपर्यंत कॅमेरा छातीवरून काढायचा नाही. काही झालं तरी."

लिंबाजीने मान हलवली. त्याला समजलं होतं.

संध्याकाळी घरी आला तो कॅमेऱ्यासकट. जेवला कॅमेऱ्यासकट. मी नुसत्या भुवया वर केल्या, तर म्हणाला, "ड्यूटी संपली असं बाई म्हणाल्या नाहीत." झोपताना चार्जिंगची वायर भिंतीतून त्याच्या छातीपर्यंत. दाव्याला बांधलेल्या खोंडासारखा तो भिंतीला बांधून घोरायचा. मला किती बोलायचं होतं! माहेरचं, इथलं, त्याच्या मिशीबद्दल. पण तोंड उघडलं की लाल दिवा. नवी नवरी, नवऱ्याशी काय बोलते ते बाईंना कशाला?

सकाळी तो संडासला गेला. कॅमेऱ्यासकट. तिथे त्याला गाणं म्हणायची सवय.

बाईंनी बोलावून घेतलं. "अरे, संडासात तरी झाकावा माणसाने! टोपी आहे ना डोक्यावर? ती धरायची वर."

लिंबाजीने मान हलवली. त्याला समजलं होतं.

बाजारच्या दिवशी एक चोर कोंबडी बगलेत मारून पळाला. लिंबाजी मागे. चोर घुसला सार्वजनिक संडासात. लिंबाजीने टोपी काढली, कॅमेऱ्यावर धरली आणि दाराशी उभा राहिला.

"आत कोण आहे?"

"मी आहे."

"सावकाश होऊ द्या."

आतून कोंबडी ओरडली.

"पोट बिघडलंय का?"

"फार."

थोड्या वेळाने चोर बाहेर आला. "येतो साहेब."

"या. ताक घ्या घरी गेल्यावर."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आता झाकायचाच नाही! कॅमेरा बघून जो तोंड फिरवतो, तो चोर समज. त्याची हनुवटी धर, चेहरा कॅमेऱ्यासमोर आण, नाव-गाव विचार."

लिंबाजीने मान हलवली. त्याला समजलं होतं.

संकष्टीच्या दिवशी स्टँडवर मामलेदार साहेब गाडीआड उभे राहून कांदाभजी खात होते. घरी कडक उपवास. कॅमेरा दिसताच त्यांनी तोंड फिरवलं. लिंबाजीने हनुवटी धरली. "नाव? गाव?"

मामलेदारांच्या तोंडात भजं होतं. नाव नीट सांगता येईना.

"नावही धड सांगत नाही," लिंबाजी गर्दीला म्हणाला. "पक्का दिसतो."

बाईंचा आवाज पार बसला. "हात लावायचा नाही रे कुणाला! लांब उभं राहा, छाती पुढे कर आणि अदबीने विचार."

लिंबाजीने मान हलवली.

मग आला आजचा दिवस. चौकीतली मंडळी त्या कॅमेऱ्याला कंटाळून आमच्या क्वार्टरवर जमली. आपापले कॅमेरे चौकीत ठेवून आली होती.

"हे काय, याचा अजून अंगावरच?" जमादार दचकले. "काढ तो!"

"ड्यूटी संपली असं..."

"बरं बाबा, तू तोंड भिंतीकडे करून बस!"

लिंबाजीने तोंड भिंतीकडे केलं. छाती होती तिथेच राहिली. सगळ्यांनी त्याची वळलेली मान पाहिली आणि निर्धास्त झाले. मग आत माझ्याकडे बोट दाखवून जमादार ते सुरुवातीचं वाक्य बोलले.

"मी नुसता खाकरलो तरी शेरा, 'उद्धट आवाज'," सुर्वे म्हणाले. "माझा घसा जन्मापासून असाच आहे."

"बायकोचा फोन आला, भाजी काय आणू विचारायला. तोही बाईंनी ऐकला," एक शिपाई म्हणाला. " दुसऱ्या दिवशी चौकीत मला सगळे 'दोडका' म्हणतात."

"कॅमेरा जागा होईपर्यंत दारुड्याच्या शिव्या संपल्या. मी 'गप' म्हणालो, तेवढंच राहिलं," आणखी एक म्हणाला.

मग जमादारांना चेव आला. माझी पळी उचलून ते बाईंसारखे चालू लागले. "अरे, झाकावा माणसाने!" हुबेहूब. सुर्वे हसून हसून पाटावरून घसरले.

मी चहा घेऊन आले तेव्हा लाल दिवा चांगला पेटलेला होता. आणि दारात बाई उभ्या होत्या. त्यांचं क्वार्टर समोरच.

"थांबलात का जमादार? मोबाईलवर छान दिसत होतं."

खोलीत एकदम सगळेच मुके.

"बोला की. कुणाची काय हरकत आहे या कॅमेऱ्यावर?"

बाईंनी जमादारांकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. त्यांना हसू आवरेना. ते दिसू नये म्हणून त्यांनी पटकन तोंड फिरवलं.

लिंबाजीने नेमकं तेवढंच पाहिलं.

तो उठला. हात पाठीमागे बांधले. लांब उभा राहिला, छाती पुढे केली. आमची खोली लहान. कॅमेरा बाईंच्या नाकाला टेकला.

"नाव?" त्याने अदबीने विचारलं. "गाव?"

जमादारांच्या हातून पळी पडली.

"लिंबाजी!" बाई ओरडल्या. "तुला आता मी सांगू तरी काय?"

मी ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि लाल दिव्यासमोर, सगळ्यांदेखत म्हणाले,

"बाई, एवढंच सांगा ह्यांना. ड्यूटी संपली."